टेबलाची कड आणि कूलरचं पाणी



या आठवड्याच्या टपालात नागपूरच्या नंदनवनातून एक पत्र आलंय. आठवीतल्या एका मैत्रिणीचं आहे. ती लिहिते:

‘काका, माझा दादा दहावीत आहे. बाबांनी त्याच्यासाठी अभ्यासाचं टेबल मागवलं. ते एका चपट्या खोक्यातून आलं आणि रविवारी आम्ही सगळ्यांनी बसून जोडलं. वरून एकदम झकास आहे. पण खालच्या फळ्यांच्या कडा उघड्याच आहेत. लहान भाऊ टेबलाखाली घुसला की त्याच्या हाताला ओरखडे येऊन राहिले. आणि कूलरच्या बाजूची कड तर फुगून राहिली. बाबा म्हणतात, दोन-तीन वर्षं तरी दुसरं टेबल घेणं जमणार नाही. कड पॉलिश पेपरनं घासली तर चालेल का?’

चालेल, पोरी. पण नुसतं घासून भागणार नाही. या कामाचे तीन शब्द लक्षात ठेवायचे: घासा, भरा, झाका. आणि तिन्ही का करायचं हे आधी समजून घ्यायचं, म्हणजे हात आपोआप नीट चालतो.

खोक्यातलं फर्निचर आलं कुठून?

सुटे भाग करून न्यायचे आणि घरी जोडायचे, ही युक्ती आपल्याला नवी नाही. गावाकडची बाज आठवा. चार पाय, चार दांड्या. दांड्यांची टोकं पायांच्या भोकांत बसतात आणि विणलेली सुतळी सगळ्यांना ताणून धरते. विण सोडली की बाज सुटी!

युरोपात मिखाएल थोनेट नावाच्या कारागिरानं १८५९ साली लाकूड वाफेवर वाकवून एक खुर्ची बाजारात आणली. तिचा क्रमांक १४. तिचे भाग फक्त ६. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या १ घनमीटरच्या एका पेटीत मावायच्या! पुढे १९५६ मध्ये स्वीडनमधल्या आयकिया कंपनीतल्या गिलिस लुंडग्रेन यांनी एक टेबल नेताना ते फार जागा खातं म्हणून त्याचे पाय काढून फळीखाली ठेवले. तिथून त्या कंपनीत चपट्या खोक्यांची पद्धत सुरू झाली. आयकियाचं भारतातलं पहिलं दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला उघडलं. आता तर कितीतरी कंपन्यांची अशी खोकी घरपोच येतात.

खोकं चपटं असलं की वाहतूक स्वस्त पडते. पण एक गोष्ट होते. पूर्वी घरात फर्निचर करायला सुतार यायचा, तेव्हा शेवटचा हात तोच फिरवायचा. आता तो शेवटचा हात आपल्याला फिरवायचा आहे.

फळीच्या पोटात काय असतं?

नंदनवनहून लकडगंज काही फार लांब नाही. तिथल्या लाकडाच्या बाजारात आई-बाबांबरोबर एकदा जरूर जाऊन या. चिरलेल्या सागवानाचा वास घ्या. आपल्याकडचं सागवान देशभर नावाजलेलं आहे. २०२३ साली दिल्लीत उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहूनच गेलं होतं. सागाची फळी कुठेही कापा, आत सागच असतो. म्हणून तिची कड घासून गुळगुळीत केली की बरंचसं काम झालं.

खोक्यातल्या टेबलाची फळी मात्र बहुधा वेगळी असते. तिचे तीन मुख्य प्रकार:

१. प्लायवूड – लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले. कड पाहिली की खारी बिस्किटासारखे थर दिसतात.

२. पार्टिकल बोर्ड – लाकडाचा भुगा आणि बारीक ढलप्या चिकट द्रव्यात मिसळून, गरम दाबाखाली केलेली फळी. उसाच्या चिपाडापासूनही ती बनते. कड पाहिली की मुरमुऱ्यांची चिक्की आठवते.

३. एम.डी.एफ. – लाकडाचे कापसासारखे बारीक तंतू करून दाबलेली फळी. कड पुठ्ठ्यासारखी, एकसारख्या तपकिरी रंगाची.

स्वस्त टेबलात बहुतेक वेळा दुसरा प्रकार असतो. त्याच्या दोन्ही अंगांना मेलामाइनचा छापील कागद दाबून बसवलेला असतो. दुकानदार त्याला ‘प्रीलॅम’ म्हणतात. हा कागद पाणी चटकन आत जाऊ देत नाही.

आता चिक्कीचं उदाहरण पुढे नेऊ. आई चिक्कीवर लाटणं फिरवते तेव्हा वरचा भाग सपाट आणि घट्ट होतो. पण सुरीनं वडी कापली की कडेला मुरमुऱ्यांमधल्या फटी दिसतात. पार्टिकल बोर्डचंही असंच असतं. वरचे थर बारीक भुशाचे आणि घट्ट, मधला थर जाड ढलप्यांचा आणि सैल. कापलेल्या कडेला तो सैल थर उघडा पडतो.

एक गणित करा. टेबलाची फळी १२० सें.मी. लांब, ६० सें.मी. रुंद आणि १.८ सें.मी. जाड आहे. दोन्ही अंगांचं क्षेत्रफळ १४,४०० चौ.सें.मी. झालं. चारी कडांचं? परिघ ३६० सें.मी. गुणिले १.८, म्हणजे ६४८ चौ.सें.मी. सगळ्या पृष्ठभागाच्या १०० भागांतले जेमतेम ४ भाग! पण पाणी शिरतं ते याच ४ भागांतून. पोछा मारताना फरशीवर राहिलेलं पाणी, पावसाळ्यातली ओल आणि नागपुरात एप्रिलपासून घरघर करणारा कूलर. त्याच्या ओल्या ताट्यांमधून दमट हवा येते, कधी शिंतोडेही येतात. ढलप्या ते पाणी पितात आणि फुगतात. दाबून बसवलेल्या ढलप्या एकदा उसळल्या की पुन्हा तेवढ्या दाबल्या जात नाहीत. भिजवलेले पोहे वाळवले तर पुन्हा पहिल्यासारखे पातळ होतात का? तसंच.

आधी हा प्रयोग करा

सुताराकडून पार्टिकल बोर्डचे दोन सारखे तुकडे मागून आणा. एकाच्या चारी कडांना ऑइल पेंटचे दोन हात मोठ्यांकडून लावून घ्या आणि दोन दिवस वाळू द्या. दुसरा तसाच ठेवा. दोन्हींची जाडी पट्टीनं मोजून वहीत लिहा. मग एका ताटात बोटभर पाणी घेऊन दोन्ही तुकडे त्यात उभे ठेवा. दोन तासांनी आणि मग दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. काय दिसलं ते आम्हाला कळवा. हा प्रयोग पाहिला की कड झाका असं कुणी दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

पॉलिश पेपरचे नंबर

आपण ज्याला पॉलिश पेपर म्हणतो त्याला पुस्तकात काचकागद म्हणतात आणि काही कारागीर रेजमाल म्हणतात. मांजाला काचेचा चुरा लावतात ना, तसाच चुरा पूर्वी कागदावर चिकटवायचे, म्हणून काचकागद. आता काचेऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात.

कागदाच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. नंबर जितका मोठा, तितके कण बारीक. ८० नंबरचा कण साधारण ०.२ मि.मी., १२० नंबरचा ०.१२ मि.मी. आणि २२० नंबरचा ०.०७ मि.मी., म्हणजे जवळजवळ आपल्या केसाएवढा.

प्रत्येक कागद लाकडावर ओरखडेच काढतो! जाड कागदाचे मोठे ओरखडे पुढचा बारीक कागद पुसतो आणि आपले छोटे ओरखडे मागे ठेवतो. असं करत करत ओरखडे इतके बारीक होतात की बोटाला कळत नाहीत. म्हणून ८० वरून एकदम ३२० वर उडी मारायची नाही. जिन्याच्या पायऱ्या चढतो तसं १२०, १८०, २२० असं जायचं. आपल्या कामाला एवढे तीन कागद पुरतात. ८० नंबर पार्टिकल बोर्डला लावूच नका, तो ढलप्या उपटून काढतो.

सुरुवात करण्याआधी

हा भाग मोठ्यांनीही वाचावा.

● लाकडाचा बारीक भुसा नाकात जाता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला १९९५ मध्येच कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलंय. ही धूळ वर्षानुवर्षं खाणाऱ्या कारागिरांना धोका सगळ्यात जास्त. पण आपणही एका दिवसासाठी का होईना, काळजी घ्यायची. रुमाल पुरत नाही. कोरोनाच्या काळात सगळ्यांच्या ओळखीचा झालेला एन-९५ मास्क लावा. घरात कुणाला दमा असेल तर त्यांनी आणि लहान मुलांनी तिथे थांबूच नये.

● काम गच्चीवर किंवा अंगणात करा. पंखा लावू नका. झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्यानं धूळ टिपा.

● जुनं, रंगवलेलं फर्निचर मुळीच घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात १० लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही.

● इस्त्री, स्पिरिट, ऑइल पेंट ही कामं मोठ्यांचीच. टेबल उलटं करायलाही दोन मोठी माणसं हवीत.

घासा

सामान: १२०, १८०, २२० नंबरचे कागद, मुठीत मावेल असा सपाट लाकडी गुटका, जुना टूथब्रश, सुती फडकं.

पहिल्यांदा कोणत्या कडा घासायच्या ते ठरवा. दोन फळ्या जिथे एकमेकींना टेकतात ती कड घासायची नाही, सांधा सैल होतो. स्क्रूची आणि लॉकची भोकंही तशीच ठेवायची. आपल्याला हव्यात त्या उघड्या कडा: मागच्या, खालच्या आणि टेबलाखाली हात लागतो त्या.

टूथब्रशनं सुटे कण झाडा. १२० चा कागद गुटक्याभोवती घट्ट गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटाखाली खड्डा पडतो. गुटका कड सरळ ठेवतो. कडेच्या लांबीला धरून, हलक्या हातानं, एकाच दिशेनं गुटका न्या. टोकाशी आलात की बाहेरून आत घासा. आतून बाहेर ओढलं तर कोपऱ्याची ढलपी निघते. छापील कागदाचंही तसंच: गुटका कागदाकडून फळीच्या आतल्या बाजूला ढकलायचा, उलटा ओढायचा नाही. नाहीतर कागदाचा टवका उडतो.

कड सपाट झाली की गुटका तिरपा धरून धारेवर दोन-तीनदा फिरवा. याला धार मोडणं म्हणतात. पुस्तकाच्या पानाची असते तशी टोकदार धार हाताला कापते आणि तिच्यावर रंगही टिकत नाही, कारण ओला रंग धारेवरून मागे सरकतो आणि तिथे पातळ राहतो. पण जपून! जास्त घासलं तर छापील कागद जाऊन आतला तपकिरी भाग दिसायला लागतो.

भरा

पार्टिकल बोर्डच्या फटी कितीही घासल्या तरी जात नाहीत. त्या भराव्याच लागतात. सुतार ज्याला लांबी म्हणतात ती किंवा दुकानात मिळणारं तयार वुड फिलर घ्या. जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं ते कडेवर दाबून बसवा. वाळल्यावर ते थोडं आत बसतं, म्हणून थर किंचित वर ठेवा. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्या. मग १८० आणि शेवटी २२० चा कागद फिरवा. डोळे मिटून कडेवरून बोट न्या. जिथे बोट अडखळेल तिथे अजून काम बाकी आहे.

एम.डी.एफ.ची कड असेल तर लांबीची गरज सहसा पडत नाही. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून ब्रशनं लावा. पूर्ण वाळल्यावर कड पुन्हा खरखरीत लागेल, कारण पाण्यानं तंतू उभे राहतात. २२० चा कागद फिरवा आणि दुसरा हात द्या. फेव्हिकॉल आपल्याकडे १९५९ मध्ये आलं. त्याआधी सुतारांना जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस उकळावा लागायचा आणि त्याच्या वासानं घर भरून जायचं!

झाका

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. इथे तीन वाटा आहेत.

पहिली, ऑइल पेंट: आधी प्रायमर, मग पेंटचे दोन हात. टेबलाच्या खालच्या, फरशीजवळच्या कडांना हीच उत्तम.

दुसरी, पट्टी: कडेच्या रुंदीची, मागे गोंद लावलेली पट्टी मिळते. मोठ्यांनी ती मध्यम गरम इस्त्रीनं चिकटवायची, वाफ बंद ठेवून. लगेच वरून लाकडी गुटका दाबून फिरवायचा. पूर्ण गार झाल्यावर जास्तीची पट्टी कापायची आणि धार २२० च्या कागदानं मोडायची.

तिसरी, लाखेचं पॉलिश: होळीच्या सुमारास आपल्या विदर्भात पळस लालभडक फुलतो ना, त्या पळसाच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात. त्यांनी बनवलेली लाख साफ करून स्पिरिटमध्ये विरघळवली की पॉलिश तयार होतं. लाखेच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकूमला १९२४ पासून एक खास संस्था आहे. लाखेचा हात छान चमकतो आणि लवकर वाळतो. पण गरम चहाचा कप ठेवला की त्यावर पांढरा गोल उमटतो आणि साचलेलं पाणीही त्याला फार वेळ सोसत नाही. म्हणून तो वरच्या कडांना, कोरड्या जागी ठीक.

सगळं वाळलं की पायांना रबरी बूट घाला. टेबल बोटभर वर उचललं गेलं की पोछ्याचं पाणी त्याला शिवतच नाही. सगळ्यात स्वस्त उपाय हाच!

फुगलेल्या कडेचं काय?

नंदनवनच्या मैत्रिणीसाठी हे खास. टेबल आधी कूलरपासून लांब हलव. चार-पाच दिवस कोरड्या हवेत राहू दे. ओली कड घासू नकोस, तिचा नुसता लगदा निघतो. वाळल्यावर जेवढा भाग वर आलाय तेवढाच १२० च्या कागदानं उतरव. मग भरायचं आणि ऑइल पेंटनं झाकायचं. कड पहिल्यासारखी होणार नाही, पण फुगणं तिथेच थांबेल. मात्र बोटानं दाबल्यावर भुगा पडत असेल किंवा स्क्रू गरागरा फिरत असेल, तर सुताराला बोलावून तेवढी एक फळी बदलून घ्या. सबंध टेबल टाकायची गरज नाही. आणि दादाला सांग, कूलरची हवा टेबलावर सोडायची नाही. वह्याही दमट होतात!

उरलेले तुकडे आणि भुसा चुलीत किंवा होळीत टाकू नका. त्यातलं चिकट द्रव्य जळताना डोळे आणि घसा जाळणारा विषारी धूर निघतो. त्या द्रव्यात बहुधा फॉर्मल्डिहाइड असतं, आणि तेही त्याच कर्करोगाच्या यादीत आहे.

आई-बाबांसाठी

असं टेबल घेताना वरचा रंग पाहण्याआधी ते उलटं करून पाहा. मागच्या आणि खालच्या कडांनाही पट्टी आहे का? चित्र पाहून मागवत असाल, तर सगळ्या कडा बंद आहेत का ते विचारून घ्या. पार्टिकल बोर्डसाठी आय.एस. ३०८७, एम.डी.एफ.साठी आय.एस. १२४०६ आणि साध्या प्लायवूडसाठी आय.एस. ३०३ ही भारतीय मानकं आहेत. फॉर्मल्डिहाइड कमी सुटणाऱ्या फळीवर ‘ई-१’ असं लिहिलेलं असतं. अभ्यासाच्या टेबलावर मूल रोज तासन् तास बसतं. शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी हे पाहून घेणं परवडतं.

आपल्याकडे म्हण आहे, हात फिरे तिथे लक्ष्मी वसे. टेबलाची वरची बाजू मशीननं केलेली असते, तिला सगळे पाहतात. खालची कड कुणी पाहत नाही. पण टेबल किती वर्षं उभं राहणार, ते तिथेच ठरतं. म्हणून या रविवारी घरातलं एखादं टेबल, शेल्फ किंवा टीव्हीचं कपाट घ्या, खाली वाका आणि कडेवरून हळूच बोट फिरवा. कुठे खरखरीत लागतं, कुठे फुगलंय, त्याची यादी करा. यादी आणि प्रयोगाची मापं पोस्टकार्डावर लिहून पाठवा. चांगली पत्रं छापू.

पुढच्या आठवड्यात: कुरकुरणारं दार गप्प कसं करायचं?